तिसऱ्याचं खातं

उइटहॉर्न, १४ एप्रिल २०२०

मृण्मयी,

सांगलीत आता पाठ भाजेल असं ऊन असणार. या डच गावातलं ऊन ताकासारखं आहे, पातळ आणि गार. तुमच्या खिडकीत बसून लिहिते आहे. टपाल बंद आहे, तेव्हा पान लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. फोनवर टाइप करायला गेले की माझी वाक्यं अर्धवट राहतात.

तू अंबरीशचे फोन घेत नाहीस, हे मला माहीत आहे. त्याच्या वतीने मी लिहीत नाही. मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली मी. दोन टोकं जोडून द्यायची आणि आपल्या कानावरचं काढून ठेवायचं, एवढंच तिथे शिकले. तू वाचलंस की फोटोखाली निळ्या खुणा येतील. मला तेवढ्या पुरेत.

काय विचित्र झालं बघ. मी फेब्रुवारीत तुमचा संसार बघायला आले आणि तू मार्चमध्ये आतेबहिणीच्या लग्नाला म्हणून माहेरी गेलीस. लग्न राहिलं, विमानं थांबली. आता तू माझ्या देशात आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात, तुझे डबे एकेक उघडून कशात काय आहे ते बघते आहे. मेतकूट सापडलं. कढीपत्ता तू फ्रीझरमध्ये ठेवतेस, हेही कळलं.

रोज दुपारी चालायला जाते. कालव्यावरचे दोन छोटे पूल ओलांडले की ती गल्ली लागते, तुम्ही दोघांनी करार केलेल्या घराची. बाहेरूनच बघते. लाल विटांचं, उतरत्या छपराचं, एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या ओळीतलं घर. दारापुढच्या झाडाला पांढरा बहर आलाय आणि वारा नसतानाही पाकळ्या गळतात. गल्ली इतकी शांत की त्या खाली टेकल्याचं ऐकू यावं. अंबरीश म्हणतो, एरवी इथे डोक्यावरून एकामागून एक विमानं जातात, बोलणं थांबवावं लागतं. आता आभाळात काहीच नाही. चालताना मला कधीकधी वाटतं की मी झोपेतच आहे, आणि हे गाव कुणीतरी माझ्यासाठी पाण्यावर काढून ठेवलंय, हात लावला तर हलेल.

दारातल्या बाकावर घराचे मालक बसतात. हेंक. सत्तरी ओलांडलेले, उंच, हात शेतकऱ्याचे. त्यांनी जन्मभर काचेच्या घरांत शेवंती पिकवली. आता ते काम पुतण्या बघतो. फुलबाजार कोसळलाय ना, फुलांचे ढीग फेकून देतायत. पुतण्याला बघवत नाही, म्हणून तो बादल्या भरभरून यांच्याकडे आणून ठेवतो. खिडकीतून दिसतं, घरातलं सामान खोक्यांत चाललंय आणि खोल्या पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीने भरत चालल्यात. हेंकनी एक मोठी जुडी फरशीवर ठेवली आणि चार पावलं मागे सरकले, तेव्हा मी पुढे होऊन उचलली. आजकाल देणं-घेणं असंच चालतं. संध्याकाळी तुझ्या देवांना वाहिली.

"तुमची सून परत कधी येणार?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघं मोडकं इंग्रजी बोलतो, त्यामुळे आमचं जमतं. मी म्हटलं, "आभाळ उघडलं की." हे मी तुला न विचारता सांगितलं. म्हणून कळवते.

आई


उइटहॉर्न, २८ एप्रिल २०२०

मृण्मयी,

खुणा निळ्या झाल्या. बरं वाटलं.

आज नोटारिसबाई भेटल्या, लॅपटॉपवर. नोटरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला माणूस येतो. शिक्का मारतो, पैसे घेतो, पुढचा. या बाई तशा नाहीत. करड्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या. घर विकणाऱ्याच्या नाहीत आणि घेणाऱ्याच्याही नाहीत. अंबरीशने मलाही शेजारी बसवून घेतलं होतं.

मी विचारलं, घराच्या किमतीचे दहा टक्के अंबरीशने भरले, ते हेंकना मिळाले का?

बाई म्हणाल्या, "नाही. ते माझ्याकडे आहेत. पण माझे नाहीत." मग त्यांनी मला समजेल अशा इंग्रजीत सांगितलं. त्यांच्याकडे एक वेगळं खातं असतं, तिसऱ्यांच्या पैशांचं. त्यात ठेवलेल्या पैशाला घेणारा हात लावू शकत नाही, विकणारा लावू शकत नाही. उद्या बाईंचं ऑफिस बुडालं तरी त्यांचे घेणेकरी तिथपर्यंत पोचू शकत नाहीत. घर नावावर व्हायच्या दिवशी बँकेचं कर्जही त्याच खात्यात येतं. मग बाई सरकारी नोंदी तपासतात, घरावर कुणाचा बोजा नाही ना बघतात, सगळ्यांच्या सह्या घेतात, घर तुमच्या नावावर चढवतात आणि मगच पैसे हेंकना सोडतात. आधी पैसे की आधी किल्ली, हा प्रश्नच उरत नाही.

मला फार नवल वाटलं. आम्ही चिंचवडचा फ्लॅट घेतला तेव्हा जमिनीत नुसता खड्डा होता आणि तुझ्या सासऱ्यांनी बिल्डरच्या हातात चेक दिला होता. इमारत उभी राहीपर्यंत ते रोज संध्याकाळी त्या खड्ड्याकडे चक्कर मारून यायचे. एखादा पैसा कुणाचाच नसताना सुखरूप राहू शकतो, हे त्यांना ऐकायला आवडलं असतं.

मग अंबरीशने विचारलं, "माझी बायको भारतात आहे. तिच्या वतीने मीच सही केली तर चालेल का?"

"तिचं मुखत्यारपत्र लागेल."

"तिकडे सगळं बंद आहे."

"या साथीपुरती काही कागदांना व्हिडिओवरून परवानगी आहे, ते मी बघते. पण त्याआधी मला तिच्याशी बोलायचंय. एकटीशी. त्या वेळी तुम्ही नसाल, तुमच्या आईही नसतील."

"ती तयार आहे. करारावर तिची सही आहेच की."

"मग तसं तीच मला सांगेल," बाई म्हणाल्या. अगदी गोड आवाजात. लॅपटॉप मिटून अंबरीश बाल्कनीत जाऊन उभा राहिला. खाली कालव्यात दोन बदकं एकमेकांमागे चालली होती, तो त्यांच्याकडे बघतोय असं मला वाटलं. ती निघून गेल्यावरही तो तिथेच बघत होता.

बाईंची ईमेल तुला येईल. उघड किंवा उघडू नकोस.

आणखी एक. हेंक घर का विकतायत, हे त्यांनी मला सांगितलं. ते मी आज लिहीत नाही. का लिहीत नाही, तेही पुढे कधीतरी.

आई


उइटहॉर्न, ७ मे २०२०

मृण्मयी,

काल दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागला आणि मी त्या घराच्या आत गेले. स्वप्नात. खोल्यांमागून खोल्या, प्रत्येक खोलीत कंबरेपर्यंत शेवंती, वाट काढत चालावं लागत होतं. फुलांना वास पाण्याचा येत होता. इथल्या घरांतले जिने असतात तसा उभा जिना होता, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर तू बसली होतीस. पायात बूट, मांडीवर पर्स, फलाटावर बसावं तशी. मी खालून विचारलं, "कुठे निघालीस गं?" तू म्हणालीस, "आई, मी अजून आलेच नाहीये."

जेवताना मी अंबरीशला हे सहज सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला. मग तो बोलायला लागला. त्याने मला जे सांगितलं ते तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते. मला काय कळलंय आणि काय नाही, याचा तुला अंदाज यावा म्हणून.

तो म्हणाला, घर त्याने एकट्याने पाहिलं. त्या दिवशी तू नायमेखनला होतीस, विद्यापीठात, दातांच्या संशोधनाच्या जागेसाठी मुलाखतीला. एजंटने त्याला पाव तास दिला होता आणि बाहेर पुढची माणसं उभी होती. संध्याकाळी त्याने मागितलेल्या किमतीच्या वर बोली लावली. ती मान्य झाली, करार आला, तेव्हा तू परतीच्या गाडीत होतीस. त्याने तुला फोनवर फोन केले की एजंट थांबलाय, आणि तू गाडीतच, फोनवरच सही केलीस.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग तीन दिवस असतात, आई. इथे घर घेणाऱ्याला कायद्याने तीन दिवस मिळतात, विचार बदलायला. काही कारण द्यावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, नायमेखनहून होकार आलाय, आपण थांबूया. तिथे रोज जायला-यायला चार तास मोडतील."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, घर एकदाच मिळतं. नोकऱ्या येत राहतात."

"त्यावर ती?"

"काहीच बोलली नाही. मला वाटलं, पटलं तिला."

मृण्मयी, तू इथे आलीस ती त्याच्या व्हिसावर. तिकडे तुझा दवाखाना होता, बाहेर पाटी होती, आणि इथे आल्यावर तू डच भाषेचे धडे गिरवत बसलीस, हे मी पाहिलंय. त्या होकाराची किंमत त्याला कळली नव्हती. मला काल कळली.

चिंचवडच्या फ्लॅटच्या कागदांवर तुझ्या सासऱ्यांनी बोट ठेवलं तिथे मी सह्या केल्या. माणूस वाईट नव्हता. घरही वाईट नव्हतं, त्यात मी सुखात राहिले. पण मला कुणी विचारलं नाही, म्हणून मला काय हवं होतं हे मलाच कधी कळलं नाही. आज कुणी विचारलं, तुला पूर्वेची खिडकी हवी होती की पश्चिमेची, तर मला सांगता येणार नाही.

आता व्यवहाराचं, कारण ते तुला नीट माहीत असायला हवं. कर्ज मिळालं नाही तर करार मोडता येतो, पण कर्ज मंजूर झालंय, ती वाट बंद. ठरलेला दिवस जूनअखेरचा आहे. तू सही दिली नाहीस तर करार आपल्या बाजूने मोडल्यासारखा होईल आणि ते दहा टक्के हेंक मागू शकतील. हे भीती घालायला लिहीत नाही. त्यात तुझे दागिने नाहीत, माझे नाहीत. अंबरीशची बचत आहे आणि ती त्याने स्वतःहून लावली आहे. या वजनाने तुझा हात हलू नये.

इथे आता रात्रीचे साडेनऊ वाजले तरी उजेड राहतो. दिवस मावळायचं विसरून गेल्यासारखा.

आई


उइटहॉर्न, १९ मे २०२०

मृण्मयी,

"आई, नोटारिसशी बोलले. मी सही करणार नाही. अंबरीशला मीच सांगते." तुझा मेसेज मी परत परत वाचला. तो वाचून मला काय वाटलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. छातीवरचं काहीतरी उतरलं आणि त्याच वेळी हेंकचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

अंबरीशला तुझा फोन आला तेव्हा मी चपला घालून बाहेर पडले. नदीवर जाऊन बसले. आम्स्टेलचं पाणी इतकं संथ होतं की पलीकडची घरं उलटी होऊन त्यात झोपली होती. एक लांबलचक मालवाहू होडी आली, घरं मोडली, होडी गेली, घरं परत जागेवर आली. मी किती वेळ बसले कोण जाणे. घरी आले तर अंबरीश धुतलेली भांडी परत धूत होता.

"ती बोलली, आई," तो म्हणाला. "मी मध्ये बोललो नाही."

थोड्या वेळाने म्हणाला, "ऑफिसने कळवलंय, वर्षअखेरपर्यंत सगळ्यांनी घरूनच काम करायचं. कदाचित पुढेही. मग मी हे गाव एवढं का धरून बसलो होतो? ऑफिस जवळ म्हणूनच ना?"

मी धुतलेली भांडी पुसायला घेतली.

"ती जागा तिने घेतली आहे, ती यायला तयार आहे. नायमेखनला. मी यायचं असेल तर मीही यावं, म्हणाली."

"मग?"

"मी जाणार." एवढं बोलून तो भांडं विसळत राहिला. रडला की नाही, हे सांगत नाही. तो माझा मुलगाही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हेंककडे गेला. एजंटला ईमेल टाकता आली असती. मला म्हणाला, "तू चल बरोबर." मी फाटकापाशी उभी राहिले. हेंक दारात, अंबरीश पायवाटेवर, दोघांमध्ये सोडायचं ते अंतर.

अंबरीश म्हणाला, "माझ्या बायकोला हे घर नको आहे. मी तिला नीट विचारलंच नव्हतं. दोष माझा आहे. कराराप्रमाणे दहा टक्के तुमचे होतात, मी वाद घालणार नाही. फक्त तुम्ही मान्य केलंत तर जूनपर्यंत न थांबता आत्ताच करार मोडू, म्हणजे तुम्हाला दुसरं गिऱ्हाईक बघता येईल."

हेंक म्हणाले, "तू माझ्या स्वयंपाकघरात उभा होतास. म्हणालास, आम्हाला हे घर फार आवडलं. आम्हाला."

"हो."

"आम्ही म्हणजे कोण होतं?"

हेंकनी दार लावलं. जोरात नाही, सावकाश. त्यामुळे जास्त लागलं.

आई


उइटहॉर्न, ४ जून २०२०

मृण्मयी,

तू आता फोनवर असतेस, अंबरीशच्या खोलीतून हसण्याचा आवाजही येतो, तरी पत्र लिहायची सवय सुटत नाही. आणि यातलं काही अंबरीश तुला सांगणार नाही.

हेंक बाकावर दिसेनासे झाले. मी रोज त्या गल्लीतून जायची, मान खाली घालून. पडदे ओढलेले असायचे. अंगणातल्या बादलीतली शेवंती सुकली, तपकिरी झाली, कुणी उचलली नाही. अंबरीशने नोटारिसबाईंना विचारलं, आता पैशांचं काय? त्या म्हणाल्या, काहीच नाही. दोघांनी एकाच कागदावर सही केली तर त्यात लिहिलं असेल त्याप्रमाणे मी पैसे देईन. नाहीतर कोर्ट सांगेल तेव्हा. तोवर मी तुमचं ऐकणार नाही आणि त्यांचंही ऐकणार नाही. अंबरीश म्हणाला, "पण मी तर देतो म्हणतोय." बाई म्हणाल्या, "त्यांनी मागितलेले नाहीत."

परवा बेल वाजली. गॅलरीतून खाली पाहिलं तर हेंक. सायकल हातात धरून उभे. अंबरीश कामाच्या मीटिंगमध्ये होता, मीच खाली गेले.

"मी वकिलाला विचारलं," ते म्हणाले. "पैसे माझे होऊ शकतात."

"हो," मी म्हटलं. "तो देईल."

"मला नकोत असं नाही. पण भांडण झालं तर वर्ष जाईल. माझ्याकडे वर्षं नाहीत." मग सायकलच्या घंटीवर अंगठा ठेवून, ती न वाजवता, म्हणाले, "तुमच्या मुलाने थाप मारली असती तर सोपं होतं. नोकरी गेली म्हणाला असता. या दिवसांत मी विश्वास ठेवला असता."

"मलाही वाटलं होतं, तो तसंच काही सांगेल," मी म्हटलं. "तो तुमच्यापुढे बोलेपर्यंत मला खात्री नव्हती."

ते हसले. पहिल्यांदाच पूर्ण हसलेले पाहिले. मागे बोली लावलेलं आल्मेरे गावचं एक कुटुंब होतं, दोन लहान मुलींचं. एजंटने त्यांना विचारलंय आणि त्यांना घर अजून हवं आहे. किंमत थोडी कमी देतायत. हेंक म्हणाले, जे कमी मिळेल तेवढं आणि सामान हलवणाऱ्यांचं बुकिंग बुडेल तेवढं, तुमच्या मुलाने द्यावं. बाकीचं त्याला परत.

काल दोघांनी सह्या केल्या, नोटारिसबाईंच्या ऑफिसात, टेबलाच्या दोन टोकांना. मी बाहेर उभी होते, आत तिसऱ्या माणसाला परवानगी नव्हती. काचेतून दिसत होतं. बाईंनी कागद आधी हेंकना वाचून दाखवला, मग अंबरीशला. दोघांना एकेकदा विचारलं, समजलं का, मान्य आहे का. दोघांनी मान डोलावली. खिडकीवर समोरच्या झाडाची सावली हलत होती, त्यामुळे आतली माणसं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती, त्यांचे हात सावकाश वर येत होते, सावकाश खाली जात होते. बाहेर आल्यावर हेंकनी आपलं कोपर पुढे केलं. अंबरीशने त्याला आपलं कोपर लावलं. दोघांना ते नीट जमलं नाही.

येताना अंबरीश म्हणाला, "आई, एवढी बचत गेली आणि मला हलकं वाटतंय. वेड लागलंय का मला?"

मी म्हटलं, "मृण्मयीला विचार."

आई


चिंचवड, २३ ऑगस्ट २०२०

मृण्मयी,

खास विमानाने आले, कोंडून राहायचे दिवसही संपले. घरात सगळीकडे धूळ होती. झाडं शेजारच्या नीलिमाताईंनी जगवली. तू पोचलीस, आणि नायमेखनच्या भाड्याच्या घरात अंबरीशने भिंतीला टेकवून तुझं टेबल आधी लावलं, स्वतःचं नंतर, हे तू कळवलंस. तुझं काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. आपली भेट झाली नाही, याची चुटपुट आहे. तू तिथे पोचलीस आणि मी निघून आले होते.

आता जे लिहायचं ठेवलं होतं ते लिहिते.

हेंकची बायको रीट. तिची आठवण गेली आहे. गेल्या वर्षी तिला वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. हेंक रोज तिथे जायचे, तिला भरवायचे. मार्चमध्ये साथ आली आणि शुश्रूषागृहाने दारं बंद केली, कुणालाच आत सोडेनात. हेंक बाहेरच्या गाड्या लावायच्या जागेवर उभे राहून वरच्या मजल्यावरच्या तिच्या खिडकीकडे हात हलवायचे. ती त्यांना ओळखायची नाही, तरी हात हलवायची. त्याच आवारात वृद्धांसाठी छोटे फ्लॅट आहेत. तिथे राहणाऱ्यांना आपल्या माणसापर्यंत जाता येणार होतं. हेंकनी तसा एक फ्लॅट धरून ठेवला होता, घर विकलं की जायचं म्हणून. माझ्याकडे वर्षं नाहीत, असं ते म्हणाले ते यासाठी.

एप्रिलमध्ये हे मी अंबरीशला सांगितलं. तो ताडकन उठला. "आई, हे मृण्मयीला लिही ना. ती लगेच सही करेल."

"म्हणूनच लिहिणार नाही," मी म्हटलं.

"पण हे खरं आहे."

"खरंच आहे. तिने घर हवं म्हणून सही करावी. एका म्हाताऱ्याची दया आली म्हणून ती त्या घरात जन्मभर राहील आणि तुला कधी काही म्हणणार नाही. तुला तसं चालेल?"

तो खाली बसला. माझ्यावर रागावला, दोन दिवस बोलला नाही. मीही स्वतःवर रागावले. त्या म्हाताऱ्या माणसाने दिलेली फुलं मी तुझ्या देवांना वाहत होते आणि त्याच्या बाजूने एक शब्दही लिहीत नव्हते. रोज बाकासमोरून जाताना वाटायचं, आज लिहावं. तू मला विचारशील, आधी का सांगितलं नाही. रागावायचं असेल तर रागाव. पण आल्मेरेच्या लोकांनी घर घेतलं नसतं, हेंकचा फ्लॅट हातचा गेला असता, तरी मी हेच केलं असतं का? मला माहीत नाही. मी त्याचा विचार करते आणि मध्येच उठून काहीतरी काम काढते.

त्यांचं सगळं सुरळीत झालं. जुलैच्या मध्यावर घर आल्मेरेच्या कुटुंबाच्या नावावर झालं आणि हेंक त्या आवारात राहायला गेले. रीटलाही खालच्या मजल्यावर खोली मिळाली.

निघण्याच्या आदल्या दिवशी अंबरीश मला त्यांचा निरोप घ्यायला घेऊन गेला. बाहेरच्या माणसांना आत सोडत नव्हते, म्हणून आम्ही हिरवळीवर, खिडकीसमोर उभे राहिलो. खिडकी वरून थोडी कलती उघडी होती, बोलणं ऐकू येत होतं. ऊन होतं, तुझ्या सांगलीसारखं नाही, पण त्या देशाच्या मानाने चांगलं. आत खुर्चीत रीट बसली होती. अगदी लहानशी, निळा स्वेटर, पांढरे केस कापसासारखे. हेंक तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला होता. कुणाचा हात आहे हे तिला ठाऊक नसेल, पण तो तिने सोडला नव्हता.

हेंकनी तिला डचमध्ये माझी ओळख करून दिली. अंबरीश मला शब्दन् शब्द सांगत होता.

"ही बाई भारतातली," हेंक म्हणाले. "हिच्या मुलाने आपलं घर घेतलं नाही."

त्यांना तो विनोद करायचा होता. डोळा मिचकावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रीट मात्र खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू तिचा चेहरा उजळत गेला.

"घेतलं नाही?" तिने विचारलं. "म्हणजे घर अजून आपलंच आहे?"

हेंकनी परत माझ्याकडे पाहिलं, या वेळी डोळा न मिचकावता. तोवर आल्मेरेच्या मुलींनी त्या अंगणात झोपाळा बांधला होता. आम्ही येताना तो पाहिला होता. हेंकनीही पाहिला असणार.

"हो," हेंक म्हणाले.

रीटने काचेतून माझ्याकडे पाहिलं, खरं का, म्हणून. मी मान डोलावली. अंबरीशनेही डोलावली.

ती समाधानाने खुर्चीत मागे टेकली आणि हेंकना म्हणाली, "मग आज पुढे गेलास की ओट्यावरचा दिवा लावून ठेव. मला यायला उशीर होईल."

"लावतो," हेंक म्हणाले.

आई